जपानमधील नोकरी आणि नोकरीनंतरची संध्याकाळ

ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान टोकियोस गेले असता उभय देशांनी मनुष्यबळाच्या देवघेवीची एक योजना जाहीर केली. पाच वर्षांत ५ लाख माणसांची ये-जा व्हावी आणि त्यांपैकी ५० हजार कुशल वा होतकरू माणसे भारतातून जपानला जावीत, असे उद्दिष्ट तिच्यात ठेवले आहे. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन कित्येक दशके चालू आहे. तेथील अभियंत्याला टोकियोची वाट नवी नाही. आता मात्र वाट पाहणारा वर्ग बदलला आहे. एप्रिल २०१९ मध्ये जपानने 'विशिष्ट कौशल्य' या नावाचा परवाना सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार केला. त्यामुळे वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, खाद्यपदार्थांचे कारखाने अशा कामांची दारे पदवी नसलेल्या तरुणांनाही उघडली. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावातील आय.टी.आय. झालेला मुलगा किंवा परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुलगी आज जपानचा विचार करू शकते, ही वीस वर्षांपूर्वी कोणाच्या मनातही न आलेली गोष्ट आहे.

या विचाराबरोबर घरोघर जे प्रश्न विचारले जातात ते ठरलेले असतात. पगार किती? वर्गाची फी किती? परीक्षा कितपत अवघड? घरी किती पाठवता येईल? प्रश्न रास्तच आहेत. ज्या घराने उसाच्या बिलावर किंवा सोसायटीच्या कर्जावर मुलाची तयारी करून दिली, त्या घराला हे विचारण्याचा अधिकार आहे. परंतु या प्रश्नावलीत एका प्रश्नाची अनुपस्थिती खटकते. काम संपल्यावर हा मुलगा काय करील, कोणाबरोबर बसेल, कोणाशी बोलेल, रात्री कोठे जाईल, हे कोणीही विचारत नाही. पहिल्या प्रकारच्या 'विशिष्ट कौशल्य' परवान्यावर एकूण पाच वर्षे राहता येते आणि बायकामुलांना बरोबर नेता येत नाही. पाच वर्षांच्या जवळजवळ अठराशे संध्याकाळी होतात. त्या कशा जातील यावर त्या माणसाचे तेथे टिकणे, भाषा येणे, चांगल्या कामावर बढती मिळणे आणि काही वेळा त्याचे मन ताळ्यावर राहणे अवलंबून असते. म्हणजेच हा प्रश्न करमणुकीचा असला तरी अर्थशास्त्राबाहेरचा नाही.

माढ्याच्या माणसाला संध्याकाळीचा विचार करावा लागत नाही, कारण ती त्याला आयतीच मिळते. स्टँडवरची चहाची टपरी, देवळातला हरिपाठ, पारावरच्या गप्पा, कोणाच्या तरी लग्नाची किंवा दशक्रियेची निरोपानिरोपी यांत ती निघून जाते. तिला मोल नाही म्हणून तिची किंमत कळत नाही. मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या पिढीला ती कळली होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला राहायला जागा नव्हती. गावकीच्या एका खोलीत पाळीपाळीने पंधरावीस माणसे झोपत. पण त्याची संध्याकाळ मात्र त्याच्या मालकीची होती. खानावळवाल्या बाईच्या पंगतीत तो जेवत असे, भजनी मंडळात टाळ धरी, तालमीत उतरे, लालबाग-परळच्या गणपतीला राबे, आणि शाहिरांच्या सभेला जाऊन बसे. माढ्याच्या शेजारच्या बार्शीतून निघालेले शाहीर अमर शेख याच कामगारांच्या संध्याकाळींनी मोठे केले. खानावळीच्या त्या बायकांची १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली, तीही याच जगातून उभी राहिली. दिवसा यंत्रापुढे जो केवळ एक हजेरी क्रमांक असे, तो रात्री माणूस होत असे. १९८२ च्या संपात लाखो कामगार इतके दिवस तग धरून राहिले, त्यामागे या शेजाराचा आधार किती होता, हे संपाचा केवळ आर्थिक हिशेब मांडणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते.

जपानमध्ये जाणाऱ्याला अशी आयती संध्याकाळ मिळत नाही. तेथे तिचे स्वरूपच निराळे आहे. ते समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

जपानी कचेरीत वा कारखान्यात कामाचा दिवस शिट्टी वाजल्याबरोबर संपतो असे समजणे चूक ठरेल. त्याचा उत्तरार्ध पुष्कळदा इझाकायात, म्हणजे जेथे मद्याबरोबर लहान लहान बश्यांतून खाणे मिळते अशा साध्या खाणावळवजा दुकानात, पार पडतो. सहकाऱ्यांनी मिळून अशा ठिकाणी बसण्याला 'नोमिकाई' म्हणतात. नवा माणूस रुजू झाला की स्वागताची बैठक, कोणी बदलून गेले की निरोपाची, आणि डिसेंबरात सरत्या वर्षाचा शीण विसरण्यासाठी 'बोनेनकाई'. या बैठकींचे शिष्टाचार लग्नाच्या पंगतीइतके पक्के असतात. सर्वांचे पेले भरल्याखेरीज कोणी तोंडाला लावीत नाही. आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजाऱ्याचा भरायचा असतो. वरिष्ठाच्या पेल्याला पेला भिडविताना आपला किंचित खाली धरायचा. 'कांपाई' म्हणून आरंभ होतो आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी सर्वांनी एका ठेक्यात टाळ्या वाजवून बैठक मोडते. मोडते म्हणजे खरोखर मोडतेच असे नाही. तिच्यामागून दुसरी बैठक, क्वचित तिसरीही निघते, आणि गाण्याच्या खोलीत तिची समाप्ती होते. कोबे शहरातील एका वादकाने १९७१ साली तयार केलेल्या कराओके यंत्राने जपानी नोकरदाराला एक सोय करून दिली: ज्या साहेबासमोर दिवसा तोंड उघडायचे नाही, त्याच्यासमोर रात्री बेसूर गाता येते.

हे सारे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे; परंतु त्यामागे एक व्यवस्था आहे. जपानी माणूस चारचौघांत दाखवावयाचे मत आणि मनातले मत यांत भेद करतो व दोहोंना त्याच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत. कामाच्या जागी पहिले मत बोलले जाते. दुसरे बाहेर येण्याची जागा म्हणजे ही बैठक. कोणाची बदली होणार, कोणते यंत्र बंद पडणार, नव्या माणसाचे काय चुकते आहे, ही माहिती सूचनाफलकावर लागत नाही. ती दुसऱ्या पेल्यानंतर मिळते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे माहितीचा बाजार भरतो आणि त्याचे प्रवेशमूल्य प्रत्येकाला भरावे लागते. साध्या बैठकीची वर्गणी माणशी तीन ते पाच हजार येन पडते. २०२५ साली जपानमधील किमान वेतनाची राष्ट्रीय सरासरी ताशी १,१२१ येन ठरली. म्हणजे चार हजार येनांची एक संध्याकाळ ही किमान वेतनावर राबणाऱ्याची साडेतीन तासांची मजुरी झाली. त्यात येनचे मूल्यही घसरलेले. २०२१ च्या आरंभी एका डॉलरला साधारण १०३ येन पडत; जुलै २०२४ मध्ये तो आकडा १६० च्या पलीकडे गेला. घरी पैसे पाठविणाऱ्याने या परिस्थितीत बैठकीस जाणे टाळले तर त्याला कृपण म्हणता येणार नाही. पण तीनदा टाळले की चौथ्यांदा निमंत्रण येत नाही, आणि जे त्या टेबलावर बोलले गेले ते त्याला कधीच कळत नाही. वाचविलेले चार हजार येन दिसतात. गमावलेले दिसत नाहीत.

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातील तरुणापुढे आणखी एक पेच उभा राहतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या मुलाने या बैठकीत करायचे काय? मद्याचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. पुष्कळ जपानी माणसांनाच मद्य सोसत नाही. त्यांचे चेहरे एका पेल्यातच लाल होतात. ऊलाँग चहाचा पेला हाती धरून सबंध बैठक काढणारे तेथे दर टेबलावर असतात, आणि आग्रह करून पाजणे हा छळ होय, अशी समज आता तेथे रुळली आहे. अडचण आहे ती खाण्याची. भाजी दिसली तरी तिचा रस्सा बहुधा सुक्या माशांच्या अर्कात शिजविलेला असतो. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. मासळीचे पाणीही नको, हे जपानीत नीट सांगता यावे लागते. ते आधीच, हसतमुखाने आणि एकदाच सांगणारा माणूस बैठकीत सामावला जातो. काही न सांगता उपाशी बसणारा मात्र यजमानांनाही संकोचात टाकतो. भाषेच्या परीक्षेत हे वाक्य येत नाही, पण त्या परीक्षेतील कितीतरी वाक्यांपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

जुन्या पिढीने ज्या जपानचे वर्णन ऐकले तो मध्यरात्रीपर्यंत साहेबाबरोबर बसणाऱ्यांचा जपान मात्र ओसरू लागला आहे. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला त्या भाषेत 'कारोशी' असा वेगळा शब्द करावा लागला, यातच त्या श्रमसंस्कृतीचा निकाल आहे. २०१८ च्या कायद्याने जादा कामाला महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली; एप्रिल २०१९ पासून ती मोठ्या कंपन्यांना आणि वर्षभराने लहान कंपन्यांना लागू झाली. महासाथीच्या काळात बैठका बंद पडल्या व पुष्कळ तरुणांना ते बरेच वाटले. तरुण जपानी मुळात कमी पितात. जपानच्या एकूण करउत्पन्नात मद्यावरील कराचा वाटा १९८० साली सुमारे ५ टक्के होता. २०२० मध्ये तो १.७ टक्क्यांवर आला. तेव्हा २०२२ साली तेथील करखात्याने तरुणांनी अधिक प्यावे यासाठी कल्पना मागविणारी स्पर्धाच जाहीर केली. दारूबंदीची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला सरकारचा हा व्याप मौजेचा वाटेल. पण परक्या कामगाराच्या दृष्टीने या बदलाला दुसरी बाजू आहे. बैठका कमी झाल्या, तशी सहकाऱ्यांची मने उघडण्याची जी एक जागा होती तीही आक्रसली. आणि तिच्या जागी दुसरे काही आलेले नाही. तरुण जपानी काम संपवून आपल्या खोलीकडे जातो. परका कामगारही तेच करतो, मात्र जपान्याच्या खोलीबाहेर त्याचा स्वतःचा देश असतो.

शहरातील दिव्यांच्या रात्रीविषयी फार बोलण्याचे कारण नाही. शिंजुकुतील काबुकिचो, रोप्पोंगी, शिबुया ही नावे परदेशी प्रवाशांनी गाजविली आहेत. तेथे रस्त्यावर हाक मारून दुकानात नेणारे दलाल असतात आणि त्यांच्यामागे जाणाऱ्याला एका पेल्याचे बिल महिन्याच्या भाड्याएवढे आल्याच्या तक्रारी नित्याच्या आहेत. मध्यरात्रीनंतर नाच चालू ठेवण्यास १९४८ च्या कायद्याने असलेली मनाई २०१५ च्या दुरुस्तीने सैल झाली व २०१६ च्या जूनपासून रात्रभर नाचघरे उघडी ठेवता येऊ लागली. उलट शिबुयाने ऑक्टोबर २०२४ पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच या वेळात स्टेशनच्या परिसरात रस्त्यावर पिण्यास बारमाही बंदी केली. रात्री साधारण बारा-एकच्या सुमारास शेवटची गाडी जाते आणि पहाटे पाचच्या आसपास पहिली निघते. मधल्या काळात अडकलेला नोकरदार कॅप्सूल हॉटेलात, म्हणजे रेल्वेच्या बर्थपेक्षा थोड्याच मोठ्या कप्प्यात, अंग टाकतो. अशा हॉटेलाची पहिली वास्तू १९७९ मध्ये ओसाकात उघडली. माढ्याच्या कामगाराने लक्षात ठेवावयाच्या गोष्टी याहून साध्या आहेत. परदेशी रहिवाशाला निवासपत्र सदैव खिशात बाळगावे लागते. विद्यार्थी म्हणून गेलेल्याला आठवड्यात २८ तासांहून अधिक नोकरी करता येत नाही, आणि रात्रीच्या करमणुकीच्या धंद्यात तर भांडी घासण्याचीही मुभा नाही. पिऊन मोटार हाकणाऱ्याच्या शेजारी जाणूनबुजून बसणाराही दोषी ठरतो. इतकेच काय, नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालविणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो. कारखान्याच्या वसतिगृहातून सायकलीवर ये-जा करणाऱ्याने हा नियम पाठच करावा.

या दिव्यांच्या रात्रीशी जपानमधील बहुतेक भारतीयांचा संबंध थोडाच येतो. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते. त्यांत भारतीय ५० हजारांहून थोडेच अधिक, तर नेपाळी सव्वादोन लाखांच्या वर. ('भारतीय' म्हणून पाटी लावलेल्या उपाहारगृहाचा मालक पुष्कळदा नेपाळी निघतो, तो यामुळेच.) या भारतीयांतला ठळक भाग संगणक अभियंत्यांचा आहे व तो टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई या वस्तीभोवती एकवटला आहे. इसवी सन २००० च्या सुमारास संगणकातील वर्षबदलाच्या कामासाठी अभियंते आले तेव्हा त्यांना घरे मिळेनात. १९७८ पासून तेथे राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्यांना हात दिला, आणि ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे सरळ जाणाऱ्या तोझाई रेल्वेमार्गावर ही वसाहत वाढली. तेथे भारतीय शाळा आहेत, वाणसामान आहे, दिवाळीचा मेळा आहे. टोकियो मराठी मंडळ गणेशोत्सव करते. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक विद्यार्थी म्हणून जपानला गेले, २०१२ मध्ये तेथील नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये याच एदोगावाच्या विभागसभेवर निवडून आले. मराठी माणसाने जपानी मतदारासमोर जपानीत उभे राहून मते मागावीत, ही लहान गोष्ट नव्हे. आणि ती शेजाऱ्यांच्या सभासंमेलनांत वर्षानुवर्षे बसल्यावाचून साधत नाही.

परंतु माढ्याचा आय.टी.आय. झालेला तरुण निशी-कासाईला जाणार नाही, हे समजून घेतले पाहिजे. तो जाईल एखाद्या आडवळणाच्या गावी, कोबीच्या शेतावर, सुट्या भागांच्या कारखान्यात किंवा वृद्धाश्रमात. तेथे रेल्वे तासाला एक, दुकाने सात वाजता बंद, रस्त्यावर माणूस नाही. ज्या गावातील तरुण शहरांकडे निघून गेले म्हणून त्याला बोलाविले आहे, त्याच गावात त्याने मित्र शोधायचे आहेत. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मुलीच्या बाबतीत 'रात्रीचे जीवन' याचा अर्थ रात्रपाळी असा आहे. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेतील कामाला कायद्याने पंचवीस टक्के अधिक वेतन मिळते, म्हणून ती पाळी हौसेने मागितली जाते. आणि महिन्यामागून महिने दिवसाचे जग नजरेआड होते. घरचा आधार म्हणावा तर घड्याळ आड येते. जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तेथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा माढ्यात साडेपाच झालेले असतात आणि आई-वडील रानातून परतलेले नसतात. ते जेवणे उरकून साडेआठला फोन हाती घेतात तेव्हा तेथे मध्यरात्र उलटत असते. सहकाऱ्यांची बैठक चुकवून घरच्यांच्या फोनची वाट पाहायची, आणि मग दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेने कामावर उभे राहायचे, असा हा कारभार होतो. दोन्ही संध्याकाळी हातच्या जातात.

यात जपानी समाजाचा दोष नाही असे नाही. १९९८ साली हामामात्सु येथील एका जवाहिऱ्याने ब्राझीलच्या पत्रकार स्त्रीला दुकानाबाहेर काढले, तेव्हा तिने दावा लावला आणि जिंकला. ओतारू येथील सार्वजनिक स्नानगृहाने 'फक्त जपान्यांसाठी' असा नियम केला. त्याविरुद्ध लढणाऱ्या तिघांना, ज्यांतील एक तर जपानी नागरिकत्व घेतलेला होता, साप्पोरोच्या न्यायालयाने २००२ मध्ये प्रत्येकी दहा लाख येन भरपाई देवविली. तरीही जपानच्या न्यायखात्याने केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घर शोधणाऱ्या परदेशीयांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांनी परकेपणामुळे नकार मिळाल्याचे सांगितले. २००९ च्या मंदीत तर जपानी वंशाच्याच ब्राझिलियन कामगारांना प्रत्येकी तीन लाख येन देऊन, पुन्हा त्या परवान्यावर येऊ नका असे सांगत सरकारने परत पाठविले. वीस वर्षे शेजारी राहूनही ज्यांच्याशी शेजार झाला नव्हता, त्यांची रवानगी करताना फारशी हळहळ वाटली नाही. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने चौदा जागा मिळविल्या. माणसे हवीत पण शेजारी नकोत, ही वृत्ती मतपेटीतून बोलू लागली आहे.

तिला नावे ठेवण्यापूर्वी माढा तालुक्याने स्वतःच्या शिवाराकडे पाहावे. उजनीचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. आणि दर वर्षी गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या. ही माणसे गावाबाहेर कोप्या घालून राहतात, पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. हंगाम संपला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परत जातात. इतकी वर्षे येणाऱ्या या टोळ्यांतील किती जणांना गावातल्या हरिपाठाला बोलावले गेले? किती जणांची नावे गावाला ठाऊक आहेत? मुकादमाचे नाव ठाऊक असते, कारण उचल त्याच्या हाती असते. जपानी वसतिगृहातल्या मराठी मुलाला जे एकटेपण सोसावे लागेल, त्याचा नमुना गावाच्या वेशीबाहेर दर हिवाळ्यात चुलीच्या धुरात दिसतो. परदेशात गेलेल्या मराठी मंडळींचेही थोडे असेच असते. मंडळे निघतात, उत्सव होतात, तिळगूळ वाटला जातो. पण त्या मांडवात शेजारचा जपानी कितीदा दिसतो आणि कारखान्यातला मराठी मजूर अभियंत्यांच्या पंक्तीत कितीदा बसतो, याचाही हिशेब कोणी तरी करावा.

सोलापूरला याबाबतीत एक थोर उदाहरण घरचेच आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून. आजच्या विषयाशी जोडताना हा इतिहासाचा विनोद नजरेआड करता येत नाही. ते चिनी भाषा शिकले, चिनी सहकारिणीशी त्यांनी विवाह केला, आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. शस्त्रक्रिया करणारे हात इतरही देशांनी पाठविले होते. कोटणीसांची आठवण चीनने जपली, त्याला त्यांच्या कौशल्याइतकेच त्यांचे तेथल्या माणसांत मिसळून जाणेही कारण झाले.

मुलींचा विचार वेगळा करावा लागेल, कारण त्यांच्या बाबतीत जमेची बाजू मोठी आहे. माढ्यात अंधार पडला की मुलीचा दिवस संपतो. आठ वाजता स्टँडवर उतरणाऱ्या मुलीला घ्यायला भाऊ येतो, आणि नाही आला तर गावात चर्चा होते. जपानमध्ये शुश्रूषेचे काम करणारी हीच मुलगी रात्री अकराला पाळी संपवून सायकलीवर खोलीकडे जाते, वाटेत चोवीस तास उघड्या दुकानातून दुधाचा डबा घेते, आणि कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. त्या देशात स्त्रियांना त्रास होतच नाही असे मुळीच नाही. गर्दीच्या गाड्यांत त्यांच्यासाठी वेगळे डबे ठेवावे लागतात, ते उगाच नव्हे. तथापि, रात्र ही आपल्याही वापराची गोष्ट आहे, हा अनुभव तिला तेथे पहिल्यांदा मिळतो. पाच वर्षांनी ती परतते तेव्हा तिच्याबरोबर येणाऱ्या पैशांची मोजदाद घर करते. या दुसऱ्या मिळकतीसाठी मात्र गावाने जागा ठेवलेली नसते, आणि पुष्कळ मुली परत येऊन गावी न राहता पुण्याला किंवा पुन्हा परदेशी जाऊ पाहतील, त्यामागे पगाराइतकेच हेही कारण असेल.

तेव्हा करता येण्याजोगे काय आहे? जपानने आपली जुनी, बदनाम झालेली उमेदवारी कामगारांची योजना मोडून नवी आणण्याचा कायदा २०२४ मध्ये केला व ती २०२७ मध्ये अमलात यावयाची आहे. मालक बदलण्याची काहीशी मोकळीक तिच्यात आहे. ही मोकळीक ज्याच्या ओळखी आहेत त्यालाच वापरता येईल. वसतिगृह आणि कारखाना यांपलीकडे ज्याने काही पाहिले नाही त्याला दुसरा मालक कोठे भेटणार? म्हणून पालकांनी एजंटाला पगाराबरोबर इतरही काही विचारावे. कामाचे गाव कोणते, जवळचे स्टेशन किती लांब, त्या ठिकाणी आणखी भारतीय आहेत काय, खोलीत किती जण, सुटी आठवड्यात कोणत्या दिवशी, नगरपालिकेचे जपानी भाषेचे संध्याकाळचे वर्ग तेथे चालतात काय. जपानमधील बऱ्याच नगरपालिकांत स्वयंसेवक असे वर्ग फुकट किंवा नाममात्र शुल्कात चालवितात आणि परक्या माणसाची पहिली जपानी ओळख पुष्कळदा तेथल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाशी होते. एजंटाला याची उत्तरे देता आली नाहीत तर त्याने माणूस पाठविण्यापूर्वी जागा पाहिलेली नाही, हे उघड होईल.

आणि शासनाने भाषेच्या वर्गांना अनुदान देताना परतून आलेल्यांना तेथे बोलवावे. चार वर्षे नागोयाजवळच्या कारखान्यात काढलेला माणूस पेला कसा धरावा, 'मासळीचे पाणीही नको' कसे म्हणावे, शेवटची गाडी चुकली तर काय करावे आणि रविवारी खोलीत एकट्याने पडून राहू नये म्हणून कोठे जावे, हे एका दुपारी सांगू शकेल. असे केंद्र सोलापूर जिल्ह्यात काढायचे झाल्यास ते कुर्डुवाडीस काढावे. माढा, करमाळा, बार्शी, पंढरपूर या चारही बाजूंची मुले तेथे गाडीने येऊन संध्याकाळी घरी परतू शकतात.